वहिवाटीचे मैदान

जमिनीवरचा हक्क दोन वाटांनी सिद्ध होतो, हे आपल्या जुन्या महसुली व्यवहारात मुरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही: एक वाट सनदेची, दुसरी वहिवाटीची. सनद म्हणजे सरकारने एका दिवसात, एका शिक्क्यासरशी बहाल केलेला अधिकार. वहिवाट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेच शेत कसल्यामुळे, त्याच पाणंदीने गाडी हाकल्यामुळे, त्याच विहिरीवर मोट धरल्यामुळे अंगी मुरलेला अधिकार, जो दफ्तरात मागाहून चढतो आणि शिवारात मात्र त्याच्या कितीतरी आधी कायम झालेला असतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल नावाचे विद्यापीठाचे गाव आहे, तेथील फुटबॉलच्या मैदानाचा इतिहास वाचताना या दोन शब्दांची मला वारंवार आठवण झाली. कारण ते मैदान बांधले गेले पुरुषांसाठी, त्याला नाव दिले गेले एका पुरुष शिक्षकाचे, आणि जगाच्या क्रीडावृत्तांतात ते अजरामर झाले ते मात्र तेथे घाम गाळून गेलेल्या मुलींमुळे.

फुटबॉल हा शब्द येथे मी आपल्या अर्थाने वापरतो आहे. अमेरिकेत त्या नावाने जो खेळ ओळखला जातो त्यात चेंडू लांबट असतो, तो बहुतांशी हातात धरून पळवला जातो, आणि त्या खेळाच्या वैभवापुढे इतर सर्व खेळ दीर्घकाळ आश्रितासारखे राहिले. आपल्या कोल्हापुरात किंवा गोव्यात ज्याला फुटबॉल म्हणतात त्याला तिकडे सॉकर म्हणतात. पुढे जे घडले त्यात त्या लांबट चेंडूच्या फुटबॉलचाही वाटा असल्यामुळे हा नामभेद आरंभीच सांगून ठेवणे बरे.

युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना ही अमेरिकेतील सर्वांत जुन्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी एक. तिची सनद १७८९ ची आणि प्रत्यक्ष अध्यापनाचा आरंभ १७९५ चा. स्त्रियांना तेथे प्रवेश मिळू लागला तो १८९७ मध्ये, म्हणजे शतक उलटून गेल्यावर, आणि त्यानंतरही अनेक दशके तो प्रवेश मोजूनमापून, अटी घालून दिलेला असे. १९३५ साली, मंदीने गांजलेल्या बेकारांच्या हाताला काम मिळावे म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने देशभर जी सार्वजनिक कामे काढली होती, त्यांतूनच या विद्यापीठाच्या आवारात एक मैदान उभे राहिले. आपल्याकडे दुष्काळी कामांतून रस्ते आणि तलाव झाले, त्याच जातीचे हे काम. रॉबर्ट फेट्झर हे विद्यापीठाचे धावण्याच्या शर्यतींचे मार्गदर्शक आणि दीर्घकाळ क्रीडाविभागाचे प्रमुख होते, त्यांच्या नावावरून मैदानाला फेट्झर फील्ड म्हणू लागले. मधोमध हिरवळ आणि तिच्याभोवती धावपट्टी अशी त्याची रचना होती, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये सदैव एक अंतर राही. मैदानाने दोन मालकांची सेवा पत्करली की दोघांचीही थोडी गैरसोय होते, तसे हे होते. त्या काळी तेथे मुली येऊन चेंडूला लाथ मारतील आणि लोक ते पाहण्यासाठी रांगा लावतील, ही कल्पनाही आराखडा करणाऱ्यांच्या मनाला शिवली असेल असे मला वाटत नाही.

मुलींसाठी सनद आली ती १९७२ मध्ये. त्या वर्षीच्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक कायद्यातील ज्या दुरुस्त्यांवर सही केली, त्यांतील नवव्या प्रकरणाने असे ठरवले की संघराज्य सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ लिंगभेदाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही. इंग्रजीत हे सारे कलम अवघ्या ३७ शब्दांचे आहे, आणि विशेष हे की त्यात खेळाचा उल्लेखही नाही. परंतु संस्थेच्या सर्व उपक्रमांना ते लागू होत असल्यामुळे क्रीडांगणही त्याच्या कक्षेत आले, आणि विद्यापीठांच्या जमाखर्चात एक मोठी विषमता उघडी पडली: त्यांच्या फुटबॉलच्या, म्हणजे त्या लांबट चेंडूच्या, एकेका संघात शंभराच्या आसपास मुलगे, पुढे ठरलेल्या मर्यादेनुसारसुद्धा ८५ जणांना शिष्यवृत्ती, आणि मुलींच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. हा तराजू सावरायचा तर मुलींना असा खेळ हवा होता ज्यात खेळाडू पुष्कळ लागतात, साहित्य थोडे लागते आणि मैदान आधीच हाताशी असते. सॉकर या तिन्ही अटींना उतरले. आज अमेरिकेत विद्यापीठीय क्रीडास्पर्धांच्या सर्वोच्च श्रेणीत मुलींचे तीनशेहून अधिक सॉकर संघ आहेत. त्यांच्यामागे खेळाचे प्रेम जितके आहे तितकीच ही बेरीज-वजाबाकीही आहे, आणि हे सांगण्यात त्या प्रेमाला कमीपणा येतो असे मी मानत नाही. कायद्याने दार उघडले. आत शिरून घर करायचे काम मुलींवरच सोडले होते.

चॅपेल हिलमध्ये मुली तोवर हौसेने खेळतच होत्या. विद्यापीठाचा अधिकृत संघ म्हणून आपल्याला मान्यता मिळावी अशी दरखास्त त्यांनी क्रीडाविभागाच्या प्रमुखांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी मुलांच्या संघाच्या तरुण प्रशिक्षकाला बोलावून, या मुलींचा खेळ जाऊन पाहा आणि अभिप्राय द्या, असे सांगितले. त्याने पाहिले, अनुकूल शेरा मारला, आणि १९७९ मध्ये संघ मंजूर होऊन त्याच प्रशिक्षकाच्या हवाली झाला. या गृहस्थांचे नाव ॲन्सन डॉरन्स; आणि मराठी वाचकाला थोडे थबकायला लावील अशी गोष्ट ही की त्यांचा जन्म १९५१ सालचा, आपल्या मुंबईतला. वडील तेलाच्या व्यवसायात असल्यामुळे त्यांचे बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असे देशोदेशी फिरत गेले आणि शाळा स्वित्झर्लंडमध्ये झाली. अमेरिकन मुलगा अमेरिकेतच वाढला असता तर त्या काळात त्याच्या पायाला हा खेळ लागण्याचा संभव थोडा. परमुलखांतल्या पटांगणांवर वाढल्यामुळे तो लागला. पुढे ते याच विद्यापीठाकडून खेळले, कायद्याचा अभ्यास करू लागले, आणि आपले गुरू मार्व्हिन ॲलन निवृत्त झाल्यावर मुलांचा संघ सांभाळू लागले. वकिली मात्र झाली नाही. १९८८ पर्यंत त्यांनी दोन्ही संघ एकाच वेळी चालवले, नंतर केवळ मुलींचा.

आरंभीची अडचण ही की खेळायचे कोणाशी? दक्षिणेकडील राज्यांत मुलींचे विद्यापीठीय संघ बोटांवर मोजण्याइतके, राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धाच अस्तित्वात नाही. स्त्रियांच्या विद्यापीठीय खेळांची त्या काळी एक स्वतंत्र संघटना होती. तिने सॉकरची राष्ट्रीय स्पर्धा भरवावी म्हणून डॉरन्स यांनी खटपट केली, आणि १९८१ मध्ये ती पहिली स्पर्धा चॅपेल हिल येथेच भरली. अंतिम सामन्यात यजमान संघाने सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला एका गोलाने हरवले. पुढच्या वर्षी ही जबाबदारी एन.सी.ए.ए. या पुरुषप्रधान, धनवान राष्ट्रीय संघटनेने आपल्याकडे घेतली. तिच्या पहिल्या स्पर्धेत बारा संघ होते, आज चौसष्ट असतात. आणि पहिले अजिंक्यपद पुन्हा चॅपेल हिलच्याच मुलींकडे गेले.

यानंतरची विजयांची मालिका सांगू लागलो तर लेखाचा हिशेबखर्डा होईल, म्हणून दोनच आकडे देतो. १९८६ ते १९९४ अशी सलग नऊ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद या संघाकडे होते. आणि १९८६ पासून १९९० पर्यंत ओळीने १०३ सामन्यांत त्याला कोणी हरवू शकले नाही. ही माळ तुटली ती १९९० च्या सप्टेंबरमध्ये, कनेटिकट विद्यापीठाच्या मैदानावर, ३-२ अशा फरकाने. त्याच वर्षाच्या अखेरीस अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी तोच कनेटिकटचा संघ फेट्झर फील्डवर आला, तेव्हा निकाल लागला ६-०. परक्या अंगणातली हार आणि घरच्या अंगणातली परतफेड यांच्यामध्ये जेमतेम दोन महिन्यांचे अंतर होते. त्या दोन महिन्यांत काय झाले असेल, याचे उत्तर सामन्यांच्या नोंदीत सापडत नाही; ते रोजच्या सरावात शोधावे लागते.

आपल्याकडे तालीम हा शब्द जागेलाही लावतात आणि सरावालाही. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघसुद्धा तालमींच्या नावाने उतरतात. जागा आणि साधना यांना एकाच शब्दात गुंफणारी ही आपली भाषा चॅपेल हिलच्या मैदानाला नेमकी लागू पडते. त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक डीन स्मिथ हे सरावात प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवीत. ती पद्धत डॉरन्स यांनी उचलली आणि मुलींच्या सरावात लागू केली. समोरासमोर झालेली प्रत्येक झुंज, प्रत्येक धाव, प्रत्येक नेमका फटका वहीत चढे, त्यांवरून क्रम लागे, आणि तो क्रम सर्वांना दिसेल असा फलकावर लावला जाई. या व्यवस्थेला ते स्पर्धेची कढई म्हणत. मुलींना लहानपणापासून शिकवलेले असते की मैत्रिणीला मागे टाकू नये, वरचढ दिसू नये, सर्वांना सांभाळून घ्यावे. या फलकाने त्यांना जणू लेखी परवानगी दिली की संध्याकाळच्या दोन तासांत मैत्रिणीला सर्व शक्तीनिशी हरवणे हा मैत्रीचा भंग नव्हे. माझ्या मते या मैदानाने स्त्रीजीवनाला जे दिले त्यात ही परवानगी सर्व चषकांहून मोलाची आहे. आपल्या घराघरांतून वाढलेल्या किती मुलींना ती अजून मिळालेली नाही, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

डॉरन्स यांनीच सांगितलेला एक प्रसंग आहे. एका सकाळी मोटारीने कामावर जात असताना वाटेतल्या एका बागेच्या मोकळ्या जागेत त्यांना कोणीतरी एकटेच धावताना दिसले. थोडे अंतर जोराने धावायचे, थांबायचे, वळायचे, पुन्हा जोराने धावायचे; घाम निथळत होता, दम लागून शरीर कमरेत वाकले होते. पाहणारे कोणी नव्हते, शिटी वाजवणारे नव्हते, वहीत नोंद करणारेही नव्हते. नीट पाहिले तेव्हा ती मिया हॅम होती, म्हणजे तोपर्यंत देशात नावाजलेली खेळाडू, जिला कोणापुढे काही सिद्ध करून दाखवायचे उरलेले नव्हते. ते तिच्याशी बोलायला थांबले नाहीत. कचेरीत जाऊन त्यांनी तिला दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, की अजिंक्य खेळाडू म्हणजे काय ते आज मला दिसले: कोणी पाहत नसताना थकून वाकलेला, घामाने भिजलेला माणूस.

मिया हॅमने विद्यापीठासाठी १०३ गोल केले, आणि ती ज्या सामन्यांत खेळली त्यांपैकी संघ केवळ एकच हरला. १९९२ च्या अंतिम सामन्यात फेट्झर फील्डवर शेजारच्याच ड्यूक विद्यापीठाचा ९-१ असा पराभव झाला. पुढच्या वर्षी तिच्या विद्यापीठीय जीवनातल्या शेवटच्या सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाचा ६-० असा, आणि तो पाहायला पाच हजारांहून अधिक लोक आले होते. चौदा वर्षांपूर्वी प्रतिस्पर्धी शोधावे लागत होते, तेथे आता बसायला जागा शोधावी लागत होती. याच मैदानाने या संघाला नम्रही केले: १९९५ च्या उपांत्य सामन्यात, घरच्याच प्रेक्षकांसमोर, नोत्र दाम विद्यापीठाने १-० ने हरवून नऊ वर्षांची परंपरा खंडित केली.

या मैदानाची हद्द विद्यापीठाच्या कुंपणापाशी संपत नव्हती. स्त्रियांची पहिली जागतिक फुटबॉल स्पर्धा १९९१ मध्ये चीनमध्ये झाली. तीत विजयी ठरलेल्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक डॉरन्सच होते, कर्णधार एप्रिल हाइनरिक्स त्यांचीच माजी विद्यार्थिनी होती, आणि क्रिस्टीन लिली व मिया हॅम यांच्यासह संघातल्या कितीतरी जणी चॅपेल हिलच्या होत्या. लिली पुढे देशासाठी साडेतीनशेहून अधिक सामने खेळली. इतके आंतरराष्ट्रीय सामने कोणत्याही स्त्री वा पुरुष फुटबॉलपटूच्या नावावर नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत स्त्रियांची पहिली व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा कॅरोलायना करेज या संघाने पहिल्या वर्षी आपले घर म्हणून फेट्झर फील्डच निवडले. देशात जिथे प्रेक्षकांना मुलींचा फुटबॉल पाहण्याची सवय आधीच लागली होती अशा जागा थोड्याच होत्या, आणि सवय ही वहिवाटीचीच सख्खी बहीण.

येथे गवताविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात नैसर्गिक हिरवळीच्या मैदानांवर सामान्यतः जे गवत लावतात त्याला तिकडे बर्म्युडा ग्रास म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रात त्याची ओळख शोधू गेले की कळते, ही तर आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. मैदानांवर तिच्या निवडक संकरित जाती लावतात एवढेच. ज्या गुणासाठी आपला शेतकरी हरळीला शिव्या देतो, की कितीही खणली तरी पेरापेरांतून मुळे सोडून ती पुन्हा पसरते, तोच गुण मैदानावर वरदान ठरतो: बुटांच्या खिळ्यांनी उखडलेली जागा ती स्वतःच आडव्या धुमाऱ्यांनी बुजवून घेते. मात्र ती उन्हाची लाडकी; थंडी पडली की पिवळी होऊन झोपी जाते. विद्यापीठीय सॉकरचा हंगाम ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होऊन डिसेंबरच्या गारठ्यात संपतो, म्हणून शरद ऋतूत हरळीवर राय गवताचे बी पेरून हिरवा रंग टिकवण्याची प्रथा त्या भागात आहे.

आठ दशकांच्या वापरानंतर २०१७ मध्ये फेट्झर फील्ड पाडण्यात आले. दोन हंगाम संघ आपल्याच गावात बेघर राहिला. बव्हंशी घरचे सामने जवळच्या केरी गावातील मैदानावर झाले. अलेसिया रुसो आणि लॉटी वबन-मॉय या इंग्लंडहून शिकायला आलेल्या मुलींची पहिली दोन वर्षे अशी उसन्या मैदानावर गेली. २०१९ मध्ये जुन्याच जागी नवे क्रीडागार उभे राहिले: ४,२०० प्रेक्षकांची सोय, सॉकर आणि लॅक्रॉस या खेळांसाठी राखीव, आणि धावपट्टी दुसरीकडे हलवल्यामुळे बैठका थेट मैदानाच्या कडेला आलेल्या. जुन्या रचनेतले ते अंतर गेले. तेथे बसलेल्या माणसाला आता चेंडूवर पडलेल्या पावलाचा आवाज ऐकू येतो. त्या पहिल्या वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि स्टॅनफर्डकडून पेनल्टीच्या फटक्यांवर हरला. पण २०२२ मध्ये इंग्लंडच्या स्त्रियांनी युरोपचे अजिंक्यपद जिंकले त्या संघात रुसो होती, वबन-मॉय होती, आणि २००९ मध्ये चॅपेल हिलकडून विजेतेपद मिळवून गेलेली लूसी ब्रॉन्झही होती.

नव्या मैदानाला डॉरन्स फील्ड असे नाव देण्यात आले. हे नाव लिहिताना एक नोंद वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स आणि विद्यापीठ यांच्यावर दावा लावला होता. मुलींच्या खाजगी जीवनाविषयी ते अनुचित बोलत, अशी त्यांची तक्रार होती. डॉरन्स यांनी आरोप नाकारले. तरी दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली, शेवटचे २००८ मध्ये, विद्यापीठाने रक्कम देऊन आणि त्यांनी लेखी माफी मागून. ज्या माणसाने मुलींना मैदान मिळवून दिले त्याच्याचविरुद्ध मुलींना न्यायालयात जावे लागले, ही गोष्ट क्लेशकारक आहे, आणि ती त्या मैदानाच्या इतिहासाचाच भाग आहे. पाटीवर एक नाव असते. खालची माती पुष्कळांच्या पायांनी तुडवलेली असते, आणि माझ्या दृष्टीने हक्क त्या पायांचा आहे. फेट्झर यांच्यानंतर पुन्हा एका पुरुषाचेच नाव पाटीवर चढले. हॅम, लिली, हाइनरिक्स यांपैकी कोणाचे चढले असते तर मला अधिक आनंद झाला असता, हे मी मोकळेपणाने नमूद करतो.

डॉरन्स यांनी मुलींच्या संघाचे पंचेचाळीस हंगाम पाहिले, नऊशेहून अधिक सामने जिंकले, एन.सी.ए.ए.ची एकवीस विजेतेपदे मिळवली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम अगदी दारात आलेला असताना, निवृत्ती जाहीर केली. सूत्रे हंगामी म्हणून सहायक प्रशिक्षक डेमन नाहस यांच्याकडे आली. त्यांच्या हाताखाली संघ त्याच हिवाळ्यात केरीच्या मैदानावर, जिथे बेघर असताना दोन वर्षे काढली होती तिथेच, अंतिम सामन्याला उतरला. समोर वेक फॉरेस्ट हे त्याच राज्यातले विद्यापीठ होते. विजेतेपद, एन.सी.ए.ए.च्या गणनेत बाविसावे, चॅपेल हिलकडे आले, आणि निकाल होता एक विरुद्ध शून्य. १९८१ मध्ये, त्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लागला होता तोच.